क्षारसूत्र, अग्निकर्म आणि जळू: ‘कापाकापी नको’ असे वाटते तेव्हा आधी काय तपासावे

तुम्ही एका प्रश्नात घरातल्या तीन माणसांचे दुखणे मांडले आहे, म्हणून प्रथम ते माझ्या शब्दांत पुन्हा सांगतो. तुमच्या गुदद्वाराजवळ दोन वर्षांपासून एक फोड येतो, फुटतो, पू वाहून गेला की महिना-दीड महिना शांत राहतो आणि पुन्हा भरतो. दोनदा चीर देऊन पू काढून झाला आहे. आता एमआरआयमध्ये भगंदराचा मार्ग दिसला असून तो गुदाच्या स्नायूतून आरपार जातो, असे अहवालात लिहिले आहे. सर्जनांनी शस्त्रक्रिया सुचवली, तर एका मित्राने क्षारसूत्र, म्हणजे क्षाराचे लेप दिलेला धागा त्या मार्गात घालण्याचा उपचार. त्याच सुमारास आईच्या टाचदुखीसाठी कोणी अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या सळईचा चटका, सुचवले आणि मोठ्या भावाच्या घोट्याजवळच्या, पाच महिने न भरलेल्या जखमेसाठी कोणी जळू लावायला सांगितले. ‘कापाकापी नाही, टाके नाहीत, भूल नाही, लगेच घरी’ हे वाक्य तुम्हाला तिन्ही वेळा ऐकवले गेले, आणि त्यात तथ्य किती, हे तुम्ही विचारत आहात.

मी शल्यतंत्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या शस्त्रक्रिया शाखेत, पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्य आहे आणि गेली बावीस वर्षे प्रामुख्याने गुदविकारांवरच काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न तुमच्यासारखाच असतो, म्हणजे ‘कापावे लागेल का?’ असा. तो स्वाभाविक आहे, पण उपचाराची निवड त्यावरून केली तर ती चुकण्याची शक्यता फार असते. छोटी जखम म्हणजे छोटा उपचार नव्हे. भगंदरात तर जखम जितकी छोटी ठेवाल तितका काळ अधिक द्यावा लागतो, असा साधारण हिशेब आहे.

सुश्रुतसंहितेत जळू, अग्नी आणि क्षार या तिघांची गणना अनुशस्त्रांत केलेली आहे, म्हणजे धातूच्या शस्त्राऐवजी किंवा शस्त्राच्या जोडीने वापरायच्या साधनांत. ही साधने कोणासाठी, तर लहान मुलांसाठी, शस्त्राला घाबरणाऱ्यांसाठी आणि शस्त्र उपलब्ध नसेल तेव्हा, असे तिथे सांगितले आहे. क्षारसूत्राचा उल्लेख मात्र त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात सतराव्या अध्यायात येतो आणि तिथे एक महत्त्वाची भर आहे. कृश, दुर्बल आणि भित्र्या माणसाची नाडी (इथे नाडी म्हणजे पू वाहून नेणारी खोल वाट), तसेच जी नाडी मर्माच्या, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागेच्या, आश्रयाने असते ती, बुद्धिमान वैद्याने शस्त्राने न छेदता क्षारसूत्राने छेदावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कारणे दोन झाली: रोग्याची भीती किंवा दुर्बलता, आणि रोगाची जागा. तुमचे वय बेचाळीस आहे, प्रकृती चांगली आहे, त्यामुळे पहिले कारण तुम्हाला फारसे लागू नाही. दुसरे लागू आहे का, हाच तुमच्या बाबतीतला खरा प्रश्न आहे.

गुदाला आयुर्वेदाने सद्यःप्राणहर मर्म, म्हणजे इजा झाल्यास तत्काळ प्राण घेणारी जागा, म्हटले आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर तिथे मळ रोखून धरणारे दोन स्नायू आहेत, आतला आपोआप काम करणारा आणि बाहेरचा आपल्या इच्छेने आवळता येणारा. गुदाच्या आतल्या भिंतीतल्या छोट्या ग्रंथींपैकी एखादीत संसर्ग होतो, पू साठतो आणि तो त्वचेकडे वाट काढतो. ही वाट भरून न येता तशीच राहिली की तिला भगंदर म्हणतात. बाहेरचे छिद्र दिसते, म्हणून लोक तेवढ्यावर मलम लावत बसतात, पण मूळ आतल्या छिद्राशी असते आणि ते बंद होत नाही तोवर फोड येतच राहतो. तुमचा पू दोनदा काढूनही आजार परत येत राहिला, त्याचे कारण बहुधा हेच आहे. पू काढण्यात चूक नव्हती, कारण साठलेला पू आधी काढावाच लागतो. तो काढल्याने ठणका गेला, वाट मात्र तशीच राहिली.

ही वाट स्नायूच्या कोणत्या भागातून जाते यावर सगळे ठरते. 1976 मध्ये पार्क्स यांनी भगंदराचे जे चार प्रकार केले, त्यांचा आधारच हा आहे की मार्ग दोन स्नायूंच्या मधून जातो, बाहेरच्या स्नायूतून आरपार जातो, त्याच्या वरून वळसा घालतो की संपूर्ण स्नायूच्या बाहेरून जातो. मार्ग वरवरचा असेल तर तो एकदाच उघडून टाकणे सोपे असते आणि जखम महिन्याभरात भरू लागते. अशा रुग्णाला मी स्वतः सांगतो की तुम्हाला आठ आठवडे धागा बाळगण्याची गरज नाही. मार्ग स्नायूचा मोठा भाग व्यापून जात असेल, तर तो एका झटक्यात कापल्यास मळ किंवा वायू रोखण्याची ताकद कमी होण्याचा धोका असतो. क्षारसूत्राचे खरे मोल इथे आहे, कारण ते हळूहळू कापते आणि जेवढे कापते तेवढे मागून भरत येते, त्यामुळे स्नायूची टोके एकमेकांपासून एकदम दूर जात नाहीत.

धागा म्हणजे काय, हेही सांगतो, कारण त्याविषयी गूढ फार पसरवले जाते. 20 क्रमांकाचा लिननचा शस्त्रक्रियेचा दोरा ताणून चौकटीवर बांधतात आणि त्यावर एकूण 21 लेप देतात. पहिले 11 नुसत्या स्नुहीच्या, म्हणजे निवडुंगासारख्या एका वनस्पतीच्या, चिकाचे, पुढचे 7 स्नुहीचा चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे, आणि शेवटचे 3 स्नुहीचा चीक आणि हळद यांचे. प्रत्येक लेप पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यायचा असतो, त्यामुळे एक खेप तयार व्हायला तीन ते चार आठवडे सहज जातात. क्षार ऊतींना विरघळवतो, चीक तो दोऱ्याला चिकटवून ठेवतो आणि स्वतःही काम करतो, हळदीने जंतुसंसर्गाला आळा बसतो आणि जखम भरण्यास मदत होते. चक्रदत्तात, म्हणजे अकराव्या शतकात, स्नुहीचा चीक आणि हळद यांची भावना दिलेल्या, म्हणजे त्यांत पुन्हापुन्हा भिजवलेल्या, सुताचे वर्णन अर्श (मूळव्याध) आणि भगंदर या दोन्हींसाठी आलेले आहे. पुढे हा विधी मागे पडला, आणि 1960 च्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयातील शल्यतंत्र विभागाने तो पुन्हा उभा केला व धाग्याचे प्रमाणीकरण केले. तसे पाहिले तर भगंदरात दोरा घालण्याची कल्पना एकट्या आयुर्वेदाची नाही. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतही घोड्याचे केस आणि लिननचा दोरा यांचा पीळ घालण्याची पद्धत होती, आणि आजचे सर्जनही ‘सेटॉन’ नावाने दोरा घालतात. आपल्या धाग्यात भर आहे ती क्षाराची.

आता पुराव्याविषयी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत मिळून केलेला यादृच्छिक तुलनात्मक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 502 रुग्ण होते, काहींना क्षारसूत्र आणि काहींना प्रचलित शस्त्रक्रिया. एका वर्षानंतर आजार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्राच्या गटात 4 टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात 11 टक्के आढळले. मात्र बरे होण्याचा मध्यम कालावधी क्षारसूत्रात 8 आठवडे आणि शस्त्रक्रियेत 4 आठवडे होता. ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचायची असतात. माझे अनेक सहव्यवसायी पहिले वाक्य जाहिरातीत घालतात आणि दुसरे गाळतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. शिवाय तो अभ्यास तीन दशकांहून जुना आहे. त्यानंतर स्नायू वाचवणाऱ्या नव्या शस्त्रक्रिया आल्या आहेत, त्यामुळे आजच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला ती तुलना जशीच्या तशी लावता येत नाही.

प्रत्यक्षात तुमच्या वाट्याला काय येईल, ते क्रमाने सांगतो. पहिल्या दिवशी एषणी, म्हणजे बोथट सळई, बाहेरच्या छिद्रातून आत घालून वाट शोधली जाते आणि आतल्या छिद्रातून धागा बाहेर काढून त्याची दोन्ही टोके सैलसर बांधली जातात. ‘भूल नाही’ हे वाक्य इथेच अर्धे खोटे ठरते. वाट लहान आणि सरळ असेल तर जागेपुरती भूल पुरते, पण तुमच्यासारख्या मार्गात मी पाठीतून भूल देणाऱ्या तज्ज्ञाची मदत घेतो, कारण दुखण्याने रुग्ण आवळून राहिला तर सळई चुकीच्या दिशेने जाऊन खोटी वाट तयार होऊ शकते, आणि ती मूळ आजारापेक्षा वाईट. पुष्कळदा पहिला धागा साधाच घालतो आणि सात दिवसांनी त्याच्या जागी क्षारसूत्र येते. त्यानंतर दर आठवड्याला जुन्या धाग्याला नवा बांधून जुना ओढून काढायचा, की नवा जागेवर बसतो. या कामाला पाचेक मिनिटे लागतात. बदलल्यावर एक-दोन दिवस आग होते, कधी ठणका लागतो. दिवसातून दोनदा आणि शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसणे, मळ मऊ राहील इतकी काळजी घेणे आणि स्राव शोषायला स्वच्छ घडी ठेवणे, एवढे जमले तर बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कामावर जातात. स्राव मात्र शेवटपर्यंत कमी-अधिक येतोच. ‘पू येतो म्हणजे बिघडले’ असे समजून चौथ्या आठवड्यात उपचार सोडणारे मी बरेच पाहिले आहेत.

किती आठवडे, हे सुरुवातीला नेमके सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण अंदाज बांधता येतो. दर वेळी काढलेल्या धाग्याची लांबी मोजायची आणि ती मागच्या आठवड्यापेक्षा किती कमी झाली ते लिहून ठेवायचे. माझ्या नोंदींत बहुतेकांची लांबी आठवड्याला अर्धा ते एक सेंटीमीटर कमी होते, त्यामुळे सहा सेंटीमीटरच्या मार्गाला दोन महिने लागले तर नवल नाही, आणि तीन लागले तरी ती चूक म्हणता येत नाही. सलग तीन आठवडे लांबी तसूभरही हलली नाही तर मात्र थांबून विचार करावा लागतो. एक तर धागा कमकुवत आहे, किंवा आत न सापडलेली फांदी आहे, किंवा रोग वेगळाच आहे.

हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. व्यवसायाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका तरुणाचा धागा मी चार महिने बदलत राहिलो. स्राव पातळ, जखमेच्या कडा निळसर आणि आतून पोखरलेल्या, वजन किंचित घटलेले, हे सगळे समोर होते, पण धागा कापतो आहे म्हणून मी समाधानी होतो. शेवटी मार्गातला छोटा तुकडा तपासणीसाठी पाठवला तेव्हा क्षयरोग निघाला, आणि औषधे सुरू झाल्यावर जे चार महिन्यांत झाले नव्हते ते सहा आठवड्यांत दिसू लागले. तेव्हापासून पहिल्याच दिवशी तुकडा तपासायला पाठवण्याचा माझा नियम आहे. क्षयाप्रमाणेच क्रोन्स हा आतड्याचा आजार, अनियंत्रित मधुमेह आणि क्वचित कर्करोगही भगंदराच्या रूपाने समोर येऊ शकतो. तुमच्याबाबतीत पोटात वारंवार दुखणे, जुलाब, वजन घटणे, संध्याकाळचा ताप किंवा घरात कोणाला क्षय, यांपैकी काही असेल तर धागा आणि शस्त्रक्रिया दोन्ही बाजूला ठेवून आधी त्याचा शोध घ्यायला हवा.

तुमच्या अहवालात एकच मार्ग आणि एकच आतले छिद्र लिहिले असेल, तर क्षारसूत्र हा माझ्या मते तुमच्यासाठी योग्य पर्याय आहे. कारण इथे ग्रंथातले दुसरे कारण लागू होते. फांद्या अनेक असतील किंवा मार्ग घोड्याच्या नालेसारखा दोन्ही बाजूंना पसरला असेल, तर नुसता लांब धागा घालून महिनोन्‌महिने ओढत बसणे मला मान्य नाही. अशा वेळी मार्ग मध्येच, आतल्या छिद्राच्या जवळ, एक लहान खिडकी करून अडवायचा आणि तेवढ्याच लहान भागात धागा ठेवायचा, अशी पद्धत बनारसच्याच विभागातून पुढे आली. तिच्यामुळे काळ आणि वेदना दोन्ही कमी होतात. मात्र त्यासाठी चीर घ्यावी लागते, ती शस्त्रक्रियागृहातच करावी लागते, आणि करणाऱ्याचा हात तयार असावा लागतो. सर्जनांनी तुम्हाला नेमकी कोणती शस्त्रक्रिया सुचवली हे तुम्ही लिहिलेले नाही. स्नायू न कापता आतला मार्ग बांधून टाकण्याची असेल, तर तिचाही विचार जरूर करा. तिच्यात आजार परतण्याची शक्यता राहते, पण मळ रोखण्याच्या ताकदीला फारसा धक्का लागत नाही. क्षारसूत्रातही ही ताकद शंभर टक्के सुरक्षित राहते, असे मी कोणालाही लिहून देत नाही. काही थोड्या रुग्णांत वायू रोखणे काही महिने कठीण जाते, आणि ज्यांचे आधीच एक-दोन वेळा कापून झाले आहे त्यांच्यात हे अधिक दिसते.

इथे मूळव्याधीबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. भगंदराला मूळव्याध समजून, किंवा मूळव्याधीला भगंदर समजून, धागा बांधून घेतलेले लोक येतात. मूळव्याधीत सुश्रुताने औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय दिले आहेत आणि कोणता मोड कशाने, हेही सांगितले आहे. नुकतेच झालेले, थोडा त्रास देणारे मोड औषधाने, मऊ आणि पसरलेले क्षाराने, खरखरीत आणि कठीण अग्नीने, आणि बारीक देठाचे, उंच, ओलसर मोड शस्त्राने. या वर्गीकरणाचा मला आजही उपयोग होतो, कारण ज्याला हे चारही उपाय येतात तोच वैद्य चौघांत निवड करू शकतो. एकच येणाऱ्याला प्रत्येक मोड त्याच उपायाचा वाटतो.

आता आईची टाच. सकाळी उठल्यावर पहिली चार पावले टाकवत नाहीत आणि चालल्यावर थोडे बरे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. त्यावरून तळपायाच्या पडद्याला टाचेच्या हाडाशी सूज आली असावी. आयुर्वेदात वातकंटक म्हणून वर्णन केलेल्या दुखण्याशी हे बरेचसे जुळते. क्ष-किरण चित्रात हाडाचे टोक वाढलेले दिसते आणि लोक त्यालाच दोष देतात, पण तसे टोक टाच न दुखणाऱ्यांतही आढळते आणि अग्निकर्माने ते विरघळत नाही. विरघळते असे कोणी सांगितले तर तिथून निघून यावे. अग्निकर्मात तापवलेल्या शलाकेने, म्हणजे धातूच्या सळईने, सर्वाधिक दुखणाऱ्या बिंदूंवर क्षणभर स्पर्श केला जातो. शलाका बहुधा पंचधातूची, क्वचित तांब्याची किंवा चांदीची असते. तो त्वचेपुरता नेमका चटका असतो, लगेच कोरफडीचा गर लावतात आणि नंतर मध-तूप. सुश्रुताने दहनाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत, प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध, आणि सगळे कौशल्य तिसरीवर, म्हणजे योग्य तेवढ्या चटक्यावर, थांबण्यात आहे. टाचेची त्वचा जाड असल्यामुळे नवशिक्याचा हात इथे कमी पडतो, तर कोपरावर तोच हात जास्त पडतो.

माझा अनुभव असा की टाचदुखीत आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा अग्निकर्म केल्यावर अनेकांना चांगला उतार पडतो, काहींना पहिल्याच वेळी. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर पोटरीचे व तळपायाचे ताण, मऊ तळाची पादत्राणे आणि वजनावर ताबा, एवढ्यावरही बहुतेकांची टाच काही महिन्यांत बरी होते, म्हणून मी अग्निकर्म या उपायांच्या जोडीला करतो, त्यांच्याऐवजी नाही. आईला मधुमेह आहे का, हे तुम्ही सांगितलेले नाही, आणि मला सर्वांत आधी तेच हवे आहे. पायाला बधिरपणा असेल तर चटका किती बसला हे त्यांना कळणार नाही आणि एका ठिपक्याची जखम महिनोन्‌महिने चिघळेल. बधिर पायावर मी अग्निकर्म करत नाही. पित्तप्रकृती, फार दुर्बल, फार वृद्ध आणि घाबरट माणसांना ग्रंथानेच वगळले आहे, तसेच शरद आणि ग्रीष्म हे ऋतू तातडी नसेल तर टाळायला सांगितले आहेत. टाचदुखीत तातडी कसली? कडक उन्हाळा असेल तर पाऊस पडेपर्यंत व्यायामावर भागवता येते.

भावाच्या जखमेबद्दल मला थोडी अधिक काळजी वाटते. घोट्याच्या आतल्या बाजूला, आजूबाजूची त्वचा काळवंडलेली, संध्याकाळी सूज येणारी आणि पिंडरीवर फुगलेल्या शिरा, हे वर्णन शिरांच्या झडपा निकामी झाल्यामुळे होणाऱ्या जखमेचे आहे. जळू लावल्याने तिथे साठलेले रक्त निघते, सूज आणि खाज कमी होते, जखमेच्या कडांचा रंग सुधारतो आणि ती भरू लागते, हे मी नेहमी पाहतो. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, ज्याचा शोध 1884 मध्ये हेक्राफ्ट यांनी लावला, आणि तो पुढे हिरुडिन म्हणून ओळखला गेला. पुनर्रोपण केलेल्या बोटांत किंवा त्वचेत रक्त तुंबते तेव्हा आधुनिक सर्जनही जळू वापरतात, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये तिला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. म्हणून हा प्रकार अंधश्रद्धेचा नाही. परंतु जळू झडप दुरुस्त करत नाही. पायाला दाबपट्टी किंवा दाबमोजे, पाय उंचावर ठेवणे आणि गरज पडल्यास शिरेवरचा उपचार यांच्याशिवाय भरलेली जखम पुन्हा उघडते. आणि जखम रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे झालेली असेल, तर दाबपट्टी आणि जळू दोन्हींनी नुकसान होईल. त्यामुळे डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांतला प्रवाह पाहणारी, तपासणी झाल्याशिवाय मी जळू लावत नाही.

जळू लावणे दिसायला सोपे आहे. ती हळदीच्या पाण्यात ठेवून तरतरीत केली जाते, जागा स्वच्छ केली जाते, धरत नसेल तर दुधाचा किंवा रक्ताचा थेंब लावतात, आणि दंशाच्या जागी टोचल्यासारखे किंवा खाजल्यासारखे होऊ लागले की ती आता शुद्ध रक्त घेत आहे असे समजून सैंधवाची चिमूट टाकून सोडवतात. एक जळू साधारण 5 ते 15 मिलिलीटर रक्त घेते, पण ती सुटल्यावरही दंशातून कित्येक तास रक्त झिरपत राहते. रात्री पट्टी भिजली म्हणून घाबरून मला फोन करणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून मी आता हे आधीच लिहून देतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणारे, रक्ताल्पता असणारे, रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असणारे, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असणारे, या सर्वांना जळू लावू नये. जळवेच्या पोटात एरोमोनास नावाचे जंतू राहतात आणि त्यांचा संसर्ग जखमेत होऊ शकतो, त्यामुळे दंशाभोवती लाली, ठणका किंवा ताप आला तर वाट न पाहता लगेच दाखवायला यायचे. प्राचीन पद्धतीत जळवेला मीठ लावून ओकवून, सात दिवसांनी पुन्हा वापरत. आज एका माणसाला लावलेली जळू दुसऱ्याला कदापि लावायची नाही. चिकित्सालयात प्रत्येक रुग्णाच्या नावाची वेगळी बरणी आहे का, हे भावाने स्वतः पाहावे, आणि नसेल तर नमस्कार करून परत यावे.

शेवटी तुम्ही सुईने टोचण्याच्या विद्धकर्माबद्दलही ओझरते विचारले होते. मान-पाठीच्या दुखण्यात तात्पुरता आराम देण्यासाठी मी ते करतो, बारीक, एकदाच वापरायच्या सुईने. तुमच्या तिघांपैकी कोणालाही त्याची गरज दिसत नाही.

हे उपचार कोणाकडून घ्यावेत, हा भाग तुम्ही विचारला नाही, पण माझ्या मते तो धाग्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. शल्यतंत्रातील एम.एस. पदवी असलेल्या वैद्याला भगंदर, मूळव्याध आणि त्यांच्या शस्त्रक्रियांचे रीतसर प्रशिक्षण मिळालेले असते. केंद्रीय भारतीय वैद्यक परिषदेने नोव्हेंबर 2020 मध्ये पदव्युत्तर वैद्यांनी शिकायच्या 39 सामान्य शस्त्रक्रिया आणि डोळे, कान-नाक-घसा, दात यांच्या 19 क्रिया नावानिशी जाहीर केल्या, तेव्हा त्यावर बराच वादही झाला. तो वाद बाजूला ठेवा आणि वैद्याला साधे प्रश्न विचारा. एमआरआय स्वतः पाहिला का, की फक्त अहवाल वाचला? आतले छिद्र बोटाने तपासून पाहिले का? तुकडा तपासणीला पाठवणार का? भूल कोण देणार? धाग्याची लांबी दर आठवड्याला लिहून ठेवणार का? धागा कोणी तयार केलेला आहे? यांतल्या कोणत्याही प्रश्नावर जो वैद्य चिडेल, त्याच्याकडे तुम्ही पुढचे दोन-तीन महिने दर आठवड्याला जाणार आहात, याचा विचार करा. आणि ज्या सर्जनांनी तुमचा पू दोनदा काढला, त्यांच्यापासून हे लपवू नका. धागा असताना पुन्हा गळू भरले तर त्या रात्री तुम्हाला त्यांचीच गरज पडू शकते.

सध्या फोड शांत आहे असे तुम्ही म्हणता, त्यामुळे दोन आठवडे विचारात गेले तरी बिघडत नाही. थंडी वाजून ताप आला, बसवेनासा ठणका लागला किंवा लघवी अडली, तर मात्र धागा की शस्त्रक्रिया हा विचार न करता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जाऊन पू काढून घ्या. वाटेचे काय करायचे, ते सूज उतरल्यावर ठरवता येईल. एमआरआयच्या अहवालातली आतल्या छिद्राची जागा, मार्गाची लांबी आणि फांद्यांची संख्या, तसेच आईच्या साखरेची आणि भावाच्या डॉपलरची माहिती कळवलीत, तर मला याहून नेमके काही सांगता येईल.